गारगोटीच ना ती?

—नाय नाय, त्या बाकावर नको सर, त्याचा एक पाय डुगडुगतो. इथे बसा, खांबाला टेकून, इथे खाडीचा वारा येतो थोडा. आणि त्या रोवळीला पाय लागला तर लागू दे हो, नमस्कार कसला करताय, तांदूळ नायत तिच्यात, दगड आहेत. तांदूळ धुवायची रोवळी माझी, माहेराहून आणलेली, तिच्यात दगड! त्या घमेल्यातही दगडच. न्हाणीत पाय धुवायला गेलात तेव्हा बघितलंत ना, तिथेही कडेने मांडून ठेवलेत. माळ्यावर आहेत, चुलीमागे आहेत, तुळशीपाशी आहेत. देवघर तेवढं राहिलंय — नाय, खोटं कशाला बोलू, देवघरातही एक आहे, बाळकृष्णाच्या शेजारी. रोज त्याला पाणी घालायचं, गंध लावायचं. मीच लावते. काय करणार?

तर काय विचारत होतात? कधीपासून? गेल्या वर्षी आंबे उतरवले आणि ह्यांनी विहीर खणायला घेतली, तेव्हापासून. विहीर हवीच होती. मागे उतारावर आमची आंब्याची नवी कलमं आहेत, लहान आहेत अजून, त्यांना उन्हाळ्यात पाणी नको? आणि मला नको? या घरात आले तेव्हापासून मी खालच्या पऱ्यावरून पाणी आणते, वैशाखात पऱ्या आटला की गोदाच्या विहिरीवर जाते, आणि गोदा कशी बाई आहे ते मी तुम्हाला सांगत बसत नाय, कळशी बुडवतानासुद्धा माझ्या हाताकडे बघत उभी असते. तर हे बोलले, या वेळी घरी आहे तर तुला दारात विहीर खणून देतो. गडी नको, माणूस नको, मीच खणतो. मला बरं वाटलं, कोणाला वाटणार नाय? वरचा जांभा फोडला, त्याच्याखाली ती पांढरट चिकण माती लागली, आणि त्या मातीत हे. पहिला लागला तो उकडीच्या मोदकाएवढा होता. स्वच्छ धुऊन आणून माझ्या हातावर ठेवला आणि बोलले, बघ. झालं! त्या दिवसापासून विहीर संपली आणि खाण सुरू झाली. आता पाण्याचं नाव काढायचं नाय. आज काय लागलं असं विचारायचं, म्हणजे दगड.

हे म्हणजे कोण? माझे मिस्टर हो. रस्त्यात विचारलंत तेव्हा विठू सारंगाचं घर असंच दाखवलं असेल ना तुम्हाला — बघा, तुमच्यापायी नाव घ्यायला लागलं मला. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा पुढारी, तुम्ही घाटावरचे, तुम्हाला कसं ठाऊक असणार. होडी नव्हे, मोठी बोट, मालाची. जपान म्हणू नका, आफ्रिका म्हणू नका, सगळीकडे जाऊन आलेत. आता दोन वर्षं होत आली, घरी आहेत. काढलं नाय हो, तसं काय मनात आणू नका! बोटी कमी झाल्यात आणि माणसं जास्त. मुंबईला आपिसात नाव लागलेलं आहे, नंबर आला की कॉल येतो, कॉल आला की जायचं. पण तिथे जाऊन बसणाऱ्याला कॉल लवकर येतो, रोज आपिसाच्या दारात तोंड दाखवायला लागतं, इथे गावात बसून कोणाला येत नाय. ह्यांच्याबरोबरचे सगळे जाऊन बसलेत, एकेका खोलीत दहा दहा जण, पाळीपाळीने झोपतात. हे तेवढे इथे राहिलेत, दगडांत.

चहा घ्या. कोराच आहे, म्हैस आटलीय. हे आज नायत घरी, म्हणजे आहेत, जयगडला गेलेत लोहाराकडे, पहारेचं तोंड बोथट झालं म्हणून. खणून खणून पहार झिजली, माणूस झिजला. येतील इतक्यात. आले की तुम्ही त्यांना सांगायचं. त्याचसाठी मी आमच्या बाळाकडे, माझ्या भाच्याकडे हो, तुमच्या कॉलेजात आहे तो, त्याच्याकडे निरोप दिला, की दगडांचे जे सर असतील त्यांना एकदा घेऊन ये, नायतर पाठव. तो मेला स्वतः आला नाय, तुम्हाला एकट्याला पाठवलं एवढ्या उन्हात.

हां, करा ना, तुमचं काम तुम्ही करा. काच हवी? ही बाटली घ्या, औषधाची आहे, रिकामीच आहे. ओढा. — अगो बाय, केवढा ओरखडा उठला! आणि आता सुरी? ही घ्या, मासे कापायची आहे, धुतलेली आहे. … सुरीने दगडाला काही झालं नाय, उलट सुरीचंच लोखंड त्याला लागलं, काळी रेघ दिसतेय. म्हणजे लोखंडापेक्षा घट्ट, असंच ना? आणि त्या बाटलीतलं काय ते? ॲसिड? माझ्या शेणाच्या जमिनीवर सांडू नका बाबा. … काय झालं नाय की. फसफसायला हवं होतं? चुनखडी असती तर फसफसली असती, ही नाय फसफसली, म्हणजे चुनखडी नव्हे. बरं. आणि फोडला की कसा फुटतो तेही बघायचं? तो तिकडे फुटलेला पडलाय बघा, पायाला लागला होता माझ्या, ही खूण अजून आहे. सरळ फुटत नाय ना तो, खडीसाखरेसारखे पैलू पडत नायत, वाकडातिकडा फुटतो, कडेला धार येते. हां. म्हणजे गारगोटी. गारगोटीच ना ती? साधी पांढरी गारगोटी. सांगा ना, घाबरता कशाला, मी काय रडणार नाय.

आता हे बरं सांगितलंत तुम्ही, की वाळू असते ना समुद्राची, तिच्यातही हीच असते, बारीक होऊन. माझं माहेर मांडवीचं, तिथली वाळू काळी, पण पलीकडे पांढरा समुद्र म्हणतात तिथे पांढरी, ती हीच? थोडी शिंपल्यांचा चुरा आणि थोडी ही? मग झालंच की. आम्ही लहानपणी फ्रॉकात भरभरून आणायचो ती. आणि स्फटिक म्हणतात तोही हाच? एकाच कुळातला, पण तो आरपार दिसतो आणि हा पांढरा — का पांढरा? … आत बारीक बारीक बुडबुडे अडकलेले असतात? कसले, पाण्याचे? पाण्याचे आणि हवेचे! म्हणजे पाणी आहे, सर. माझ्या विहिरीत नाय, ह्यांच्या दगडांत आहे. हसू नका. पावसाचं सोडलं तर वर्षभर त्या खड्ड्यात पाण्याचा टिपूस नाय आणि हा माणूस पाणी भरलेले दगड घरात आणतोय.

ह्यांच्या डोक्यात शिरलं कसं विचारता? त्यालाही कारण आहे, ते काय वेडे नायत. ब्राझिलात सांतोस म्हणून बंदर आहे, तिथे बोट अडकून पडली होती मालासाठी. हे फिरायला गेले तर तिथे एक दुकान, काचेच्या कपाटात मखमल टाकून दगड मांडलेले, असेच, पांढरे, मोठमोठे, आणि गोरी माणसं येऊन घेऊन जातायत. तेव्हा बोलले होते म्हणे मनात, आमच्याकडे असला दगड गुरं राखणारी पोरं कुत्र्याला मारतात! ते डोक्यात राहिलं. मग इथे घरच्या मातीत दिसल्यावर आणखी काय व्हायचं? मी बोलले, अहो, तिथला वेगळा असेल, आरपार दिसणारा असेल. तर बोलले, तू गेली होतीस का सांतोसला? आता याच्यावर काय बोलायचं? मी चिपळूणपर्यंत गेलेय, आमच्या राहीला दिली आहे तिकडे म्हणून. आणि वर आणखी बोलतात, आपल्या जिल्ह्याचं नाव रत्नागिरी का ठेवलंय, उगाच? मी बोलले, मग सोनगावात सोनं शोधा.

पण ते एवढ्यावर थांबले असते. खरं सांगते, थांबले असते. कौल झाला ना, त्याने घोटाळा केला. तुम्हाला कौल ठाऊक नसेल. देवाच्या अंगावर पाण्याने कळ्या चिकटवतात, गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, विचारायचं ते विचारतो, आणि उजवी कळी आधी पडली की होय, डावी पडली की नको. आम्ही सगळं विचारून करतो, घर बांधायचं, लग्न ठरवायचं, बोटीवर जायचं. तर दसऱ्याच्या आधी हे गेले देवळात. खड्डा पुरुषभर खोल झाला होता, झरा लागला नव्हता, रोवळी भरली होती. आमचा बाबल्या गुरव, त्याने गाऱ्हाणं घातलं, बा देवा महाराजा, तुझ्या या लेकराने भुईत हात घातलाय, तर त्याला खणू दे काय? घरच्या भुईतच राबू दे काय? होय असेल तर उजवा दे. आणि पडली की उजवी, लगेच, गाऱ्हाणं संपायच्या आत. हे नाचतच घरी आले. बोलले, देवाने सांगितलं, दगड मोलाचे आहेत. मी बोलले, अहो, दगडाचं नाव काढलं का कोणी? देवाला विहीर ठाऊक. देव बोलला खण, पाणी लागेल. तर बोलले, नाय, माझ्या मनात दगड होते, देव मनातलं ओळखतो. आता विचारलं काय आणि हे समजले काय! आणि बाबल्या तरी काय करील, मी त्याला जे शब्द सांगितले होते तेच तो — म्हणजे, त्याने आपल्या मनानेच घातलं असेल गाऱ्हाणं. गुरवच ना तो. चहा निवला का तुमचा?

तर ते राहू दे. आता हे आले की तुम्ही स्पष्ट सांगायचं. स्पष्ट, हां, तुमच्या त्या शिकवायच्या भाषेत नको, आमचे हे सगळ्यातून वाट काढतात. तुम्ही बोललात की स्फटिकाच्या कुळातला आहे, की ते तेवढंच धरून बसतील. काचेवर ओरखडा उठला तर हिरा बोलतील. म्हणून सांगायचं की सारंग, ही गारगोटी आहे, रस्त्याला टाकायची, बास करा, खड्ड्याला काटे लावा, पावसाळ्यात कोणाची गाय पडेल. मी थकले हो सर. सकाळी भाकऱ्या करायला बसावं तर परातीत दगड. झोपताना उशाला दगड. गोदा मला विचारते, काय गो दमयंती, घरात दगड शिजवतेस काय? राही आली होती माघी गणपतीला, तिच्या नवऱ्यासमोर ह्यांनी टॉवेलवर दगड मांडले, एकेक उचलून दाखवला, जावई बिचारा मान हलवत बसला आणि राहीने माझ्याकडे असं बघितलं… मुलीने आईकडे तसं बघू नये.

काय म्हणालात? मला ठाऊक होतं का? मला कसं ठाऊक असणार, मी काय शिकलेय — बरं, होतं. पहिल्या दिवशीच होतं. यात काय मोठं आहे, आम्ही पोरी गारगोट्या घेऊन माजघरातल्या काळोखात शिरायचो, घोंगडं अंगावर घ्यायचो आणि दोन घासायचो एकमेकींवर. आत उजेड पेटतो. ठिणगी नाय, आतल्या आत, पिवळट, दगडाच्या पोटात. आणि वास येतो, काहीतरी जळल्यासारखा, दिवसभर हाताला राहतो. ह्यांनी पहिला मोदकाएवढा हातावर ठेवला ना, त्या दुपारी हे परत खड्ड्यावर गेले तेव्हा मी तो आणि घमेल्यातल्या मातीत आलेला दुसरा बारका तुकडा घेतला, भाताच्या कणगीत डोकं घातलं आणि घासून बघितले. पेटला. वास आला. नाक पुसलं आणि बाहेर आले. गारगोटी. संपलं.

मग सांगितलं का नाय? … हे बघा सर, तुम्ही दगडांचं बघायला आलात ना? मग दगडांचं बघा. — नाय, रागावले नाय. सांगते. सांगणार होते. संध्याकाळी सांगू म्हटलं. पण त्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी ट्रंक खाली काढली होती, माळ्यावरची, बोटीची. कपडे उन्हात घातले होते, बुटांना पॉलिश केलं होतं. सगळे मुंबईत जाऊन बसतायत तर मीही जातो, विहीर पावसानंतर बघू, असं बोलले होते. मी काय बोलणार, घडी घालून कपडे ट्रंकेत भरले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हा दगड. संध्याकाळी मी सांगायला गेले तर हे पडवीत बसून तो दगड चड्डीला पुसत होते, आणि बोलले, एसटीचं उद्याचं राहू दे गो, चार दिवस आणखी खणून बघतो. आता सांगा, मी काय करायचं होतं? चार दिवसांचे आठ झाले. पाऊस आला, खड्डा भरला, हे घरात. गणपती घरात. दसरा, दिवाळी, शिमगा, सगळं घरात. ट्रंक अजून भरलेलीच आहे तिकडे, तिच्यावर मी कांद्यांची टोपली ठेवली.

तुम्हाला कळणार नाय. तुम्ही रोज संध्याकाळी घरी जाता ना? बायको-मुलं असतात ना तिथे? मला लग्न होऊन एवढी वर्षं झाली पण माणूस बघितला तो सुट्टीतला. आले की सामान, अत्तरं, सगळ्या गावाचे पाहुणे, आणि जरा माणूस कळायला लागला की निघाले. राही झाली तेव्हा नव्हते, सासूबाई गेल्या तेव्हा नव्हते, राहीच्या लग्नात होते तेही पाहुण्यासारखे, मांडवात विचारत होते, पाण्याचे तांबे कुठे असतात. स्वतःच्या घरात! आणि आमच्यात निघताना बाईने काय बोलायचं नसतं. जाऊ नका असं तर ओठावरही आणायचं नाय, दर्यावर जाणाऱ्याला नाट लागते. मी दर वेळी दह्याची वाटी हातावर दिली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिले. कधी बोलले नाय. ह्यांना वाटत असेल, हिला काय, हिला सवय आहे. सवय मेली कसली!

आणि आता या वर्षात मला कळलं की ह्यांना खालची करपलेली पेज आवडते. झोपेत ओरडतात, दोर सोडा, दोर सोडा म्हणून. मीठ कुठे आहे ते ठाऊक झालंय आता त्यांना. दुपारी अंगभर पांढरी माती घेऊन येतात आणि खळ्यातूनच हाक मारतात, अगो, बाहेर ये, बघ आज काय लागलं! मी हात पुसत बाहेर येते, दगड हातात घेते, फिरवून बघते, आणि बोलते, कालच्यापेक्षा बरा आहे. एवढंच. मला आयुष्यात कोणी हाक मारून काय दाखवलं नव्हतं सर. मला आवडतं ते. दगड नाय आवडत, दगडांचा वीट आलाय मला, ती हाक आवडते.

हे मी काय बोलत बसले तुमच्याजवळ. ऊन लागलं असेल डोक्याला. … तर, असं करूया का? तुम्ही आता जाता का, हे यायच्या आत? नाय, निरोप मीच दिला होता, खरं आहे, तेव्हा फार वैतागले होते, गोदाने त्या दिवशी चारचौघींत बोलून दाखवलं होतं मला. आता वाटतं, कशाला? तुम्ही सांगणार, गारगोटी. हे ऐकून घेणार, शिकलेल्या माणसाचं ऐकतात ते, माझं नाय ऐकत. आणि मग काय करणार? खड्डा बुजवतील? नाय. कांद्यांची टोपली खाली ठेवतील आणि ट्रंक उचलतील. मुंबईला दहा जणांच्या खोलीत जाऊन पडतील, मग कॉल, मग बोट, मग वर्ष दीड वर्ष पत्ता नाय. आणि आता ते काय तरुण आहेत का हो? गेल्या बोटीवर पाय घसरून पडले होते, मला सांगितलं नाय, पाठीवर वळ बघितला तेव्हा कळलं. तर तुम्ही एवढंच सांगा की तपासायला लागेल. कॉलेजात नेऊन बघतो म्हणा. दिवाळीनंतर कळवतो म्हणा.

नाय जमणार? का नाय जमणार? जे नाय ते कसं बोलू, म्हणता. बरं. तुमचंही खरं आहे, मास्तर माणूस तुम्ही. मी काय तुम्हाला हिरा आहे असं बोला म्हणत नाय. नुसतं नाय बोललात तरी चालेल. गप्प बसायला काय कष्ट पडतात? — थांबा. पायरव ऐकलात? गडग्याच्या फाटकाचं बेडं वाजलं. आले. तुम्ही चहा उचला, तोंडाला लावा.

अहो, मिळाली का पहार? लोहार होता ना? या, सावलीत या आधी, केवढे लाल झालात. हे? हे सर आहेत, रत्नागिरीच्या कॉलेजातले, दगडांचे सर. आपल्या बाळाने सांगितलं त्यांना, म्हणून आले बघायला. हो, बघितले ना, सगळे बघितले, काचेवर ओढून, सुरी लावून, ॲसिड घालून. … सांगतात, सांगतात, आधी पाणी घ्या तुम्ही. … काय? कोण भेटला? रघू, तुमच्या बोटीवरचा? मुंबईहून घरी आलाय? त्याला कॉल आला? … बरं झालं. त्याच्या बायकोला — बरं झालं हो. बोटी सुटायला लागल्या म्हणतो? … उद्याच्या गाडीने? उद्या लगेच? तुम्ही? … नाय, मी कुठे काय बोलले. मी काय बोलणार. कपडे भरलेलेच आहेत.

सरांना काय विचारायचंय? विचारा ना. … यात काही अर्थ आहे का ते एकदा सरळ सांगा, नायतर मी उद्या निघतो, म्हणता. … हां. ऐकलंत ना सर, काय विचारतायत ते. नाय, तुम्ही चहा प्या, मी सांगते त्यांना, तुमची भाषा त्यांना कळायची नाय. सर बोलले, वरवरचे आहेत ते साधे आहेत. वरचे साधेच असायचे. … नाय, फेका असं नाय बोलले. बोलले, दगडाच्या पोटात पाणी आहे. होय ना सर? बघा, मान हलवली. आणि बोलले, खाली काय आहे ते खणल्याशिवाय कोणाला सांगता येत नाय, कॉलेजातल्या माणसालाही नाय. होय ना? बघा, परत हलवली.

मुंबईचं? मुंबईचंही बोलले. … काय बोलले म्हणजे — राहा बोलले. … आता, तुम्ही पहार टेकून ठेवत होतात तेव्हा, म्हणून ऐकलं नाय तुम्ही. राहा म्हणाले. उद्या जाऊ नका, परवाही जाऊ नका. घरी राहा. … मी? मी कशाला बोलेन, मी कधी बोललेय का तुम्हाला असं? सर बोलतायत. माझ्या डोळ्यांत धूर गेलाय चुलीचा, तुम्ही माझ्याकडे काय बघता, सरांकडे बघा. … चूल पेटलेली नाय तर नाय. सर बोलतायत, राहा.

… अहो.

… पहार का उचललीत? कुठे — खड्ड्यावर? एवढ्या उन्हात? आधी दोन घास खा तरी.

सर, तुम्ही निघा आता. एसटी कोणासाठी थांबत नाय.